शरदाचे पाणी

(ज्ञातिसंघाच्या कोजागरी संमेलनात दिलेले व्याख्यान)



कोजागरीच्या या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा विषय कोणता, असे आम्ही त्यांस विचारले. ‘निवृत्तीनंतरचे जीवन’ हा विषय त्यांनी सुचविला. त्यावर बोलण्याचा अधिकार वयाने आम्हांस आपोआप प्राप्त झाला आहे, हे खरे. परंतु निवृत्तिवेतन, रक्तदाब आणि तीर्थयात्रा या तीन प्रकरणांपलीकडे त्या विषयाची मजल सहसा जात नाही. म्हणून त्याच विषयास थोडे निराळे वळण देण्याची परवानगी आम्ही मागून घेतली. आयुष्याच्या उत्तरार्धात मनुष्याच्या हातून काही नवे घडू शकते काय, आणि घडावयाचे असेल तर त्याची चाल कोणती असावी, एवढाच विचार आज मांडावयाचा आहे. तो विचार आम्हांस ज्या ऋतूने शिकविला, त्याच ऋतूतील ही पौर्णिमा आहे. तेव्हा आरंभ ऋतूपासूनच करणे बरे.

आश्विन आणि कार्तिक मिळून शरद ऋतू होतो. इंग्रजी साहित्यात वार्धक्यास ‘ऑटम’ची, म्हणजे पाने गळण्याच्या ऋतूची उपमा देण्याची रूढी आहे, आणि इंग्रजी वाचून आलेल्या आपल्या लेखकांनीही ती उचलली. परंतु ‘ऑटम’ म्हणजे शरद असे कोशात लिहिले असले, तरी आपल्या देशावर शरदात पान गळत नाही. आपली पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात होते. शरदात आपल्याकडे रान हिरवेगार असते, ज्वारी-बाजरीची कणसे भरतात, आणि रब्बीच्या पेरणीसाठी जमीन तयार होत असते. वैदिक ऋषींनी शंभर वर्षांचे आयुष्य मागताना शंभर शरद मागितले, ही गोष्ट आपण सर्व जाणतो. एक वर्ष म्हणजे एक शरद, असा त्यांचा हिशेब. ज्या ऋतूने आयुष्य मोजावे असे आपल्या पूर्वजांस वाटले, तो ऋतू क्षयाचा कसा असेल?

मग शरदाचे खरे लक्षण कोणते? आमच्या मते ते ‘निवळणे’ या एका मराठी शब्दात आहे. श्रावणात नदी गढूळ असते, भाद्रपदात ती दुथडी भरून वाहते, आणि आश्विन लागला की तीच नदी हळूहळू निवळू लागते. पाणी कमी होते, परंतु तळ दिसू लागतो. कालिदासाने ‘ऋतुसंहारा’चा तिसरा सर्ग शरदास दिला आहे. ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात दिग्विजयास निघणारा रघु शरद येईपर्यंत थांबतो, आणि अगस्तीचा तारा उगवल्यावर पाणी निवळते असे कवी तेथे सांगतो. आयुर्वेदाने तर शरदातील पाण्यास ‘हंसोदक’ असे स्वतंत्र नाव दिले आहे. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवविलेले आणि अगस्तीच्या उदयाने निर्दोष झालेले असे ते पाणी, असे वर्णन चरकसंहितेत आहे.

आता यात एक मर्म आहे. हे पाणी कोणी घाई करून निवळविलेले नसते. घागरीतले गढूळ पाणी लवकर निवळावे म्हणून आपण ते ढवळू लागलो, तर ते अधिकच गढूळ होते. मात्र नुसते बसून राहूनही काम होत नाही. आमच्या लहानपणी पावसाळ्यात आमची आजी निवळीचे बी घागरीच्या आतल्या अंगास घासून मग तीत पाणी भरीत असे. निवळीचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा दृष्टान्त जुन्या ग्रंथकारांनी दिला आहे, तो याच अर्थाने. बी हाताने घासावे लागते. मग घागर हलवू नये. प्रथम श्रम आणि नंतर स्थैर्य, या दोहोंनी मिळून शरदाची चाल सिद्ध होते, आणि उत्तर वयातील निर्मितीची चालही आमच्या समजुतीने हीच आहे.

ही समजूत आम्हांस पुस्तकातून आलेली नाही. ती एका चुकीतून आली, आणि ती चूक आज आपणांपुढे सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण ती आपल्याच ज्ञातीच्या घरांत घडली.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. अठ्ठावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्त झालो, तेव्हा आपल्या ज्ञातीतील वृद्ध स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करून त्यांचे पुस्तक करावे, असे आम्ही मनात घेतले. आमची आई पहाटे दळताना ओव्या म्हणत असे. ती गेली तेव्हा तिच्या ओव्या तिच्याबरोबरच गेल्या; त्यांतील चार-सहाही आम्हांस धड आठवेनात. ही रुखरुख मनात होती. त्यातून नव्या निवृत्ताचा उत्साह. मुलांची वार्षिक तपासणी ठरल्या तारखेस झालीच पाहिजे, ही छत्तीस वर्षांची सवय. पुस्तक दिवाळीत निघालेच पाहिजे, असे आम्ही स्वतःस बजावले. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत अकरा बायांकडे गेलो, वहीवर वही भरली, आश्विनात छापून घेतले आणि दिवाळीच्या पाडव्यास घरोघर प्रती वाटल्या. आपणांपैकी पुष्कळांच्या घरी ती पुस्तिका असेल. तिची स्तुती झाली, हारतुरे झाले, आणि आम्हीही स्वतःवर संतुष्ट झालो.

त्या अकरा बायांत आमची नात्याने लांबची एक आत्या होती. वय ऐंशीच्या पुढे. तिला वाचता येत नव्हते, म्हणून तिच्या नावावरच्या ओव्या आम्ही तिला वाचून दाखविल्या. ती ऐकत राहिली. ‘पाळण्याच्या ओव्या’ हे प्रकरण आले, तेव्हा तिने हाताने आम्हांस थांबविले.

“आत्या, काही चुकले काय?” आम्ही विचारले.

“चुकलं न्हाई रं. पर ही पाळण्याची न्हाई,” ती म्हणाली. “ही गेलेल्या लेकीची हाय. त्या वक्ताला पाळणा रिकामा हुता.”

आम्ही गप्प झालो. ओवीत पाळणा आला, म्हणून आम्ही ती बारशाच्या आनंदाच्या ओव्यांत घातली होती. ती कोणासाठी रचली, केव्हा रचली, हे आम्ही विचारलेच नव्हते. आत्या रागावली नाही. तिने एवढेच म्हटले, “तू इचारलं असतंस तर सांगितलं असतं. पर तू लई घाईत हुतास.”

त्या दिवशी घरी येऊन आम्ही पुस्तिका पुन्हा आरंभापासून वाचली, आणि एकेक दोष दिसू लागला. मास्तराची तांबडी शाई हातात मुरलेली. बायांनी जे जसे म्हटले, ते आम्ही ‘शुद्ध’ करून छापले होते. ‘हिरीवरी’चे आम्ही ‘विहिरीवर’ केले. अर्थ तोच राहिला; परंतु जात्याच्या फेऱ्याशी जमणारी शब्दाची लांबी गेली, आणि पुढच्या चरणाशी जुळणारे यमकही गेले. ‘गं बाई’, ‘माझ्या’ असे मधले शब्द आम्ही भरतीचे समजून गाळले होते. वास्तविक दळणारीचा श्वास त्याच शब्दांत असतो. दोन बायांच्या दोन निरनिराळ्या ओव्या जवळपास सारख्या दिसल्या, म्हणून त्यांची एक करून टाकली होती. व्याकरणाच्या दृष्टीने पुस्तिका निर्दोष होती. पण अकरा बायांपैकी एकीलाही ती आपली वाटली नसती. त्यांपैकी कोणी तक्रार केली नाही, याचे कारण मास्तराच्या छापील शब्दापुढे आपला शब्द खोटा असणार, असे त्यांनी धरून चालले होते. आम्हांस सर्वांत जास्त लाज वाटली ती याची.

यानंतर आम्ही काम पुन्हा आरंभापासून सुरू केले. या वेळी तारीख ठरविली नाही. वहीच्या डाव्या पानावर ओवी जशी कानावर पडली तशी लिहावयाची. उजव्या पानावर ती कोणाची, कोणाकडून आली, कोणासाठी आणि कोणत्या प्रसंगी म्हटली, ते लिहावयाचे. मग पुढच्या खेपेस ती म्हणणारीस वाचून दाखवावयाची, आणि तिने मान हलविल्यावाचून पुढे जावयाचे नाही. या रीतीने एका भेटीत एखादी ओवी पुरी होते. कधी तीही होत नाही.

एक गोष्ट तर आम्हांस घाईच्या पहिल्या फेरीत कळलीच नव्हती. “ओवी सांगा” म्हटले की बायांस ओवी आठवत नसे. जे आठवे ते तुटक. आत्याच्या परसात जुने जाते उपडे पडले होते, त्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली होती. एके दिवशी तिच्या नातवाने ते उचलून घरात आणले, पुसून मांडले, खुंटा ठोकला आणि आम्ही मूठभर ज्वारी घातली. आत्याने खुंट्यास हात लावला, दोन फेरे झाले, आणि जी ओवी तीन महिन्यांत आठवली नव्हती ती आपोआप ओठांवर आली. स्मरण डोक्यात असते, असे आम्ही मुलांस आयुष्यभर शिकविले. त्या दिवशी कळले की ते हातातही असते. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, तेव्हा बायांचे पहाटेचे कष्ट वाचले. ते वाचावयासच हवे होते. त्याबद्दल आम्ही हळहळत नाही. परंतु हात थांबला, तेव्हा त्याबरोबर गळाही थांबला, एवढी नोंद करून ठेवली पाहिजे.

येथे कोणी म्हणेल की, ही एका खेड्यातल्या मास्तराची गोष्ट झाली. मोठी कामे अशी होतात काय? मोठी कामे अशीच झालेली आहेत, हे दाखविण्यास दूर जाण्याचे कारण नाही. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई 1865 साली जन्मले. बडोदे संस्थानातील दीर्घ सेवा संपवून ते पुण्याजवळ कामशेत येथे राहू लागले, तेव्हा त्यांनी साठी गाठली होती. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड 1930 ते 1934 या काळात त्यांच्या संपादनाखाली निघाले. आणि ‘न्यू हिस्टरी ऑफ द मराठाज’ हा तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ 1946 ते 1948 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथाचा पहिला खंड 1930 साली निघाला, तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते; शेवटचा भाग 1962 साली निघाला, तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. दुसऱ्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. बत्तीस वर्षे एकाच ग्रंथावर! ही बत्तीस वर्षे कोणी उड्या मारीत ओलांडीत नाही. ती रोजच्या पानानेच ओलांडावी लागतात.

आणि विद्वानांचीच उदाहरणे कशास? खानदेशातील बहिणाबाई चौधरी 1880 साली जन्मल्या. काणे यांचेही जन्मवर्ष तेच. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्यांनी गाणी रचली. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांच्यामुळे ती कागदावर उतरली, आणि बहिणाबाई 1951 साली निवर्तल्यानंतर, 1952 साली पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. त्या गाण्यांना छापखान्याची घाई नव्हती, आणि म्हणूनच कदाचित ती इतकी निवळलेली आहेत. जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून ओव्या गोळा करण्याचे जे काम उभारले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्यांची नोंद झाली आहे. लाखाचा आकडा ऐकून छाती दडपते. परंतु त्यातील प्रत्येक ओवी कोणा एका बाईने, कोणा एका घरी, कोणा एकाला म्हणून दाखविलेली आहे.

आपल्या घरच्या लेकींनी तर हा धडा खेळता खेळताच गिरविलेला असतो. सूर्य हस्त नक्षत्रात गेला म्हणजे हादगा मांडतात. पाटावर हत्ती काढावयाचा आणि त्याभोवती फेर धरावयाचा. पुष्कळ घरांत हा खेळ सोळा दिवस चालतो, आणि त्याचा नियम असा की, पहिल्या दिवशी एक गाणे व एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. सोळाव्या दिवशी सोळा गाणी होतात. पहिल्याच दिवशी सोळा गाण्यांचा हट्ट कोणी मुलगी धरीत नाही, आणि सातव्या दिवशी कंटाळा आला म्हणून कोणी सोडीतही नाही. रोज एकच वाढवावयाचे, मात्र मागचे सर्व पुन्हा म्हणावयाचे. शरदातील निर्मितीचे शास्त्र यापेक्षा सोप्या रीतीने कोणी सांगितले असेल असे आम्हांस वाटत नाही.

येथवर बोलून आम्ही थांबलो असतो, तर हे व्याख्यान गोड झाले असते. परंतु ते पुरते खरे झाले नसते. सावकाशीची दुसरी बाजूही आम्हांस अनुभवास आली आहे, आणि ती लपविणे बरे नव्हे.

आमच्या यादीत ओढ्यापलीकडच्या वस्तीवरील एक वृद्धा होती. तिच्या माहेरच्या ओव्या आमच्याकडील ओव्यांहून निराळ्या आहेत, असे आत्याने सांगितले होते. पावसात ओढ्यास पाणी असते, म्हणून दिवाळीनंतर जाऊ म्हटले. दिवाळीनंतर घरात लग्न निघाले. मग आमचा गुडघा दुखू लागला. पौषात निरोप आला की ती गेली. तिची एकही ओवी आमच्या वहीत नाही. हे आम्ही कोणत्या सावकाशीत जमा करावे? ती सावकाशी नव्हेच, ती दिरंगाई. दोघींचा चेहरा लांबून सारखा दिसतो, म्हणून वृद्धपणी मनुष्य फसतो, आणि स्वतःच्या आळसास ‘परिपक्वता’ असे भारदस्त नाव देतो.

या दोहोंतील भेद शेतकऱ्यास विचारावा. त्याच्या भाषेत वाफसा नावाचा एक शब्द आहे. पाऊस उघडल्यावर जमीन चिखलाची असताना तो पाभर धरीत नाही. धरली तर ढेकळे होतात आणि बी कुजते. तो रोज रानात जातो, माती मुठीत दाबून पाहतो आणि परत येतो. पाहणारास वाटते की हा रिकामा हिंडतो आहे. परंतु मातीत ओल राहून ती मोकळी झाली, म्हणजे वाफसा आला, की तो एक दिवसही दवडीत नाही. मग घरची, दारची, सर्व माणसे रानात. वाफसा गेला की ओल गेली, आणि ओल गेली की हंगाम गेला. वाट पाहणे आणि वेळ न दवडणे, ही एकाच माणसाची दोन कामे आहेत. ओढ्यापलीकडच्या त्या बाईकडे आम्ही माती पाहण्यासही गेलो नाही, हा आमचा अपराध.

आणि आत्याविषयी सांगावयाचे राहिले. गेल्या माघात ती वारली. आमचे पुस्तक अद्याप छापलेले नाही. सहा वर्षांत तीनशेच्या आसपास ओव्या पुऱ्या झाल्या आहेत, आणि काही बायांच्या अजून व्हावयाच्या आहेत. आत्याच्या तेराव्यास आमचा मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही दोन वर्षं आधी छापलं असतं, तर आत्याआजीनं पुस्तक हातात घेतलं असतं.” त्याच्या बोलण्यात दोष काढता येत नाही. आमच्याजवळ त्यास पुरे पडेल असे उत्तर नव्हते, आजही नाही. फक्त एक घटना आहे, ती सांगतो.

मागच्या कार्तिकात, तुळशीच्या लग्नानंतर, आम्ही तिची वही तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखविली. चार दुपारा लागल्या. दुसऱ्या दुपारी तिने एका ओवीतला एक शब्द बदलावयास लावला. सासूचा शब्द तेथे शोभत नाही, आईचा पाहिजे, असे तिचे म्हणणे. चौथ्या दुपारी ती पाळण्याची ओवी आली. या वेळी ती कोणत्याही प्रकरणात नव्हती. तिच्या उजव्या पानावर आत्याने सांगितलेली सर्व हकीकत होती: लेकीचे नाव, ती किती महिन्यांची होती, कोणत्या साथीत गेली. आम्ही वाचले. आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आता ऱ्हाऊ दे आसंच.” छापील पुस्तक तिने हातात घेतले नाही, हे खरे आहे. परंतु पहिले छापील पुस्तक तिच्या हातात होते, आणि ते तिचे नव्हते. दुसरे तिने कानांनी घेतले. या दोहोंत कोणते मोठे, याचा निवाडा आम्ही आपणांवर सोपवितो.

ज्ञातिबंधूंनो, व्याख्यानाच्या शेवटी ठराव मांडण्याची आपल्या संमेलनांत रूढी आहे. आम्ही ठराव मांडीत नाही, विनंती करतो. आपल्यांत ज्यांनी साठी ओलांडली आहे, अशांपाशी काही ना काही आहेच. कोणापाशी ओव्या, कोणापाशी घराण्याची माहिती, कोणापाशी धंद्यातील कसब, जे बोटांस ठाऊक आहे आणि कागदावर आलेले नाही. कोणापाशी नुसता एखादा पदार्थ, जो सासूने शिकविला आणि सुनेस सांगावयाचा राहिला. प्रत्येक घराने एक वही करावी. घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत पंधरा तिथी येतात. दर वर्षी या पंधरा तिथींत रोज एकच नोंद करावी. हादग्याच्या नियमाने, मागचे वाचून मग नवे लिहावे. आजकाल प्रत्येक नातवाच्या खिशात मोबाइल आहे. त्यावर आवाज धरून ठेवावा. ते फार चांगले साधन आहे, आमच्या वेळी असते तर आईचा गळा आज ऐकू आला असता. परंतु यंत्र आवाज धरते, प्रश्न विचारीत नाही. ‘आजी, हे कोणासाठी म्हणायचीस?’ हा प्रश्न नातवानेच विचारावा लागतो, आणि उत्तर येईपर्यंत त्यानेच थांबावे लागते.

तरुण मंडळींस आणखी एक सांगावयाचे आहे. घरातील वृद्ध मनुष्य एका पानावर चार दिवस बसलेला दिसला, तर ‘किती वेळ लावता!’ असे म्हणू नका. त्याच्यापाशी वेळ थोडा आहे, हे त्यास तुमच्याहून अधिक ठाऊक असते. थोड्या वेळात पुष्कळ करावे असा मोह त्यासही होतो. आम्हांस झाला, आणि आम्ही काय केले ते सांगितलेच. थोड्या वेळात थोडेच करावे, पण ते ज्याचे आहे त्याला आपले वाटेल असे करावे, हे शहाणपण उशिरा येते. आणि वृद्धांस सांगावयाचे ते असे की, तुमच्या यादीत ओढ्यापलीकडचे कोणी असेल, तर दिवाळीची वाट पाहू नका. उद्याच जा.

बाहेर अंगणात दूध आटत ठेवले आहे, त्याचा वास येथपर्यंत येऊ लागला आहे. जाळ मोठा केला तर ते उतू जाते किंवा तळाशी लागते, आणि ढवळणारी बाई उठून गेली तरी तेच होते. आमच्या भगिनी मघापासून तेथे बसून आहेत, म्हणून आम्ही येथे निर्धास्तपणे बोलू शकलो. आजच्या रात्री लक्ष्मी ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत घरोघर फिरते, अशी आपली श्रद्धा आहे. आमच्या गावी आजच्या रात्री आत्या जागत असे, आणि गेली पाच वर्षे आम्ही वही घेऊन तिच्याजवळ बसत होतो. या वर्षी ती वही येथे, आमच्या पिशवीत आहे. ज्या भगिनींस आपल्या आईची एखादी ओवी आठवत असेल, त्यांनी दूध घेतल्यावर आमच्याजवळ येऊन बसावे. एकच पुरे आहे. आणि ती कोणासाठी होती, हे आम्ही या वेळी विसरता विचारणार नाही.